वस्तू क्रमांक सतरा

बाई म्हणाल्या, पन्नास शब्दांत बसवा.
त्यापुढे कुणी वाचत नाही,
माणसं उभी असतात, पाय दुखतात.

म्हणून आम्ही आठ जण
टेबल टेनिसच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून
शहर पन्नास-पन्नास शब्दांत कातरत बसलो.
तांबट आळीतली अर्धवट ठोकलेली घागर : सेहेचाळीस.
बंद पडलेल्या थिएटरचं बाल्कनीचं अर्धं तिकीट : एकोणपन्नास.
लष्करातल्या बेकरीचा पत्र्याचा साचा, आत उलटी अक्षरं :
एक्कावन्न. 'जुना' काढला. बसला.

रायसिंग वसावे नंदुरबारचा. त्याने विचारलं,
सायकलींचं शहर म्हणता ना,
मग सायकल कुठाय?
आम्ही पुण्यातले सगळे गप्प.
तोच गंज पेठेत जाऊन
दस्तगीर अत्तारांना घेऊन आला,
आणि त्यांच्या काखेतली लाल कापडी पुठ्ठ्याची वही.

नाव, पत्ता, नेली, आणली, पैसे.
तासाला चार आणे. १९७१ ते १९८८.
चाचांची अट एकच :
वही रात्री इथे राहणार नाही.
"उधारी आहे तिच्यात."
रोज सहाला आम्ही काच उचलायची,
रोज दहाला त्यांनी वही आणायची
आणि पान त्यांच्या मर्जीने उघडायचं.

तिसऱ्या दिवशी जून एकोणऐंशी उघडलं.

भाचीचं काम बघायला आलेल्या एक बाई
घागरीपाशी थांबल्या नाहीत, तिकिटापाशी थांबल्या नाहीत.
सतराव्यापाशी चष्मा बदलला.
काचेवरून बोट सरकत गेलं
आणि एका ओळीवर राहिलं.
दिगंबर भा. शिरोळे, नाना पेठ. नेली : दुपारी साडेतीन.
आणली : काही नाही.

"आमचा दिगू," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ पंखाच बोलत होता.

रायसिंगला गप्प राहता येत नाही.
त्याने मोबाइलवर हिशोब केला :
सेहेचाळीस वर्षं, तासाला पंचवीस पैसे,
एक लाख आठशेच्या आसपास.
मी त्याच्या पायावर पाय दिला.
चाचा मात्र हसले.
"एवढं कशाला? सायकल तिसऱ्या दिवशी मिळाली.
स्टेशनाबाहेर, कुलूप लावलेली.
चावी नंतर पोस्टाने आली.
पाकिटात चावीच. कागद नाही."

कुठून?
"शिक्का पुसट होता.
मी ती उन्हात धरून बघितली होती."

बाईंनी मान हलवली, जसं कुणी
घरचा पत्ता बरोबर सांगितला.
"कुलूप लावलं होतं ना पण," त्या म्हणाल्या,
"अण्णा म्हणायचे, बेजबाबदार."

बहात्तर तासांचे अठरा रुपये.
त्यांनी वीसची नोट काढली.
चाचा नको म्हणाले, मग घेतली,
सगळे खिसे चाचपले, दोन रुपये सुटे नव्हते.
मला म्हणाले, पोरी, काच उचल.
देवस्थळी बाई पलीकडून धावत आल्या,
अहो, वस्तूवर लिहायचं नसतं!
तोवर निळ्या बॉलपेनने,
शाईच्या ओळींखाली,
थरथरत्या पण सरळ अक्षरात लिहून झालं होतं :
शिरोळे, जमा १८. देणे २.
'आणली'चा रकाना त्यांनी तसाच ठेवला.
मला वाटलं विसरले. विसरले नव्हते.

सहाला वही काखेत गेली.
जाता जाता त्यांनी विचारलं,
उद्या त्या येतील का, दोन रुपये आणतो.

हॉलमध्ये मी आणि झाडूवाल्या मावशी.
चादरीवर वहीच्या आकाराची सुरकुती,
आणि शेजारी माझी चिठ्ठी, मोजून पन्नास शब्दांची,
टंकलेली, चौकटीतली, दुपारपासून चुकीची.
तिच्यातला १९८८ मी पेनाने खोडला.
'ते' राहू दिला.
पुढे काय लिहावं ते कळेना,
मावशी म्हणाल्या, दिवा घालवू का,
मी म्हटलं, घालवा.