बावीस पावलं

दमूताई म्हणाली, काऊन जायचं बाई तिकडे?
घरी पलंग आहे, संडास आहे, पंखा आहे.
अन् जमिनीवर मी झोपली नाही असं थोडंच आहे?
मेडिकलच्या नऊ नंबर वॉर्डात
ह्यांच्या खाटेखाली पेपर अंथरून
एकोणीस रात्री झोपली.
तुझ्या दोन्ही बाळंतपणांत झोपली.
लग्नघरं तर मोजलीच नाहीत.
आता मले जमीन नको.

मी काही बोलले नाही.
डिसेंबरात स्कूटर काढली
आणि नागपूरच्या चहूबाजूंनी जमिनी पाहत फिरले,
लोक मुलीसाठी स्थळं पाहतात तशी.

पहिलं स्थळ रामटेककडे, अगदी तळ्याकाठी.
दिसायला देखणं.
पण रात्रभर पाण्यावरून गार वारा येणार
आणि ताईचा उजवा खांदा
संक्रांतीपर्यंत बोलत राहणार.
फोटो मस्त येतात मॅडम, तिथला मॅनेजर म्हणाला.
म्हटलं, फोटोत झोपायचं नाही आम्हाला.

दुसरं उमरेड रोडवर.
तिथे मी सरळ आडवीच झाले,
भर दुपारी, पर्स उशाला घेऊन.
एक मुळी बरगडीत, एक कमरेत.
वर मोहाची वाळलेली फांदी,
आणि तंबू नेमका तिच्याखाली.
संडास कुठे, विचारलं तर पोरगा हसला
आणि हात फिरवून सगळं रान दाखवलं.
कुसळं दिघोरीपर्यंत टोचत होती.

तिसरं काटोलच्या अलीकडे, संत्र्याच्या बगिच्यात.
जमिनीला उतार, इतकासाच,
डोकं वरच्या अंगाला केलं की झालं.
तंबूचं तोंड पश्चिमेला,
म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर येणार नाही.
आत दोरीची खाट मावते.
संडासाला पक्कं दार, दाराला कडी,
आणि ती कडी लागते.
खाटेपासून कडीपर्यंत पावलं बावीस.
दोनदा चालून पाहिली,
एकदा डोळे मिटून.

बगिच्याचे मालक नाखले पाहत उभे होते.
कोणी व्हीआयपी येऊन राहिले का?
मी म्हटलं, हाओ.

ताई आली.
स्वतःची उशी, स्वतःचा तांब्या,
दोन स्वेटर, हिंगाची डबी, ओडोमॉस,
आणि नापास करायला निघालेल्या मास्तरणीचा चेहरा.
तंबूचं कापड चिमटीत धरून म्हणाली, पातळ आहे.
चहा पाणचट आहे.
हे कुत्रं कोणाचं आहे?
चुलीवर मी गोळाभात केला,
त्यावर तिने तेल पुन्हा स्वतः कडवलं.
हसली एकदाच,
कुत्र्याने माझी चप्पल पळवली तेव्हा.

तिला खाट दिली, मी खाली सतरंजीवर.
सगळी जमीन तपासली होती मी.
हा एवढा एक दगड कुठून आला कोण जाणे.
पाठीशी वाद घालत कधीतरी डोळा लागला.

जाग आली तर खाट रिकामी.
टॉर्च तिच्या उशाशीच, बंद.
अनवाणीच बाहेर धावले.

ताई प्लास्टिकच्या खुर्चीत,
शालीत, पाय वर घेऊन बसलेली.
खुर्चीला टेकून ते कुत्रं.
संत्री दिसत नव्हती,
दवात भिजलेला वास तेवढा येत होता,
आणि दूर हायवेवर एखादा ट्रक
गिअर बदलत काटोलकडे जात होता.

काय झालं गं?

बावीस नाहीत, ती म्हणाली.
एकतीस आहेत.
जातानाही मोजली, येतानाही मोजली.
तुझ्या ढांगांचा हिशोब मले कशाला सांगते?

मी तशीच उभी.
तिने वर पाहिलं, मग कुत्र्याकडे,
मग पुन्हा वर, बराच वेळ.

उभी काऊन आहेस, म्हणाली,
दुसरी खुर्ची नळापाशी आहे.