मोडीच्या भावात

लक्ष्मीपुरीत रविवारी भाजीच्या ओळी संपतात
आणि पोत्यांवर मांडलेला गंज सुरू होतो, तिथं
बिनझाकणाचे डबे, सायकलची घंटी,
कुठल्याशा तालमीचा एका कानाचा कप,
यांच्याखाली ती पालथी पडली होती.
पितळी परात. साडेतीन किलो.
पिंट्या लोहारानं काट्यावर टाकली.
"मोडीच्या भावात घ्या मॅडम, वर एक रुपाया नको."

घरी आणून चिंच-मीठ लावलं.
आधी काळं पाणी गेलं, मग हिरवं,
मग काठाशी टिंब टिंब वर आलं,
थंडीत अंगावर काटा यावा तसं:

चि. गोदाक्का सिदाप्पा चौगुले हिस
मामाकडून
वडणगे सन १९५६

आणि खाली, एकटंच,
परत

आमची बैठक चहाच्या गाड्यावर.
शिरोळकर मास्तर सरकारी छापाची वजनं जमवतात,
रेहाना मोमीन कुलपं, किल्ली हरवलेलीच.
आठवड्याभरात सापडलेलं बाकड्यावर ठेवायचं
आणि खोटं बोलायचं नाही,
किंमत सोडून.
त्या दिवशी वजनं पिशवीतच राहिली.

"लग्न मोडलं असणार," मास्तर म्हणाले, "आहेर परत."
"मोडलं नाही. तिनं मोडलं," रेहाना.
पिंट्या बशीतला चहा फुंकत, "बांधावरनं भांडाण.
मामा-भाच्याचं. माणसं बोलंनात झाली की भांडी फिरत्यात."

मी दुय्यम निबंधकाकडं खरेदीखतं टाइप करते.
नावाचा माग काढणं माझ्या पोटापाण्याचंच काम.
वडणग्यात तीन गोदाक्का निघाल्या.
एक पुराच्या साली गेलेली.
एक पुण्याला लेकाकडं, फोनवर नुसतं "कोण? कोण?"
तिसरीच्या सुनेनं चहा दिला, परात उलटसुलट केली.
"आमच्यात असली लई हुती. स्टील आलं तवा दिली."
कुणाला?
"स्टीलवाल्याला की."

तीन महिने तो शब्द उशाशी घेऊन झोपले.
मी कुणाला काय परत केलं होतं, आठवत.
एक घड्याळ. दोन पत्रं, त्यातलं एक न वाचता.

मग कुणीतरी बाबालाल मणेरांचं नाव सांगितलं.
पापाच्या तिकटीजवळ, जिन्याखालची खोली.
वय ऐंशी, का ब्याऐंशी, त्यांनाही नक्की नाही.
जन्मभर भांड्यांवर नावं घातलेली.
त्यांनी वाचलं ते अंगठ्यानं,
टिंबाटिंबावर थांबत, मागं येत,
आणि एकदम खोकल्यासारखं हसले.

"माझंच हाय. ह्यो ग बघा, पाय वाकडा.
अकरा वर्साचा हुतो.
गिऱ्हाइकानं चिठ्ठी दिल्ती, नाव, गाव, साल,
आन् खाली, कशावर घालायचं ते: परात.
मला कुठलं वाचाय येतंय?
चित्र काढावं तशी आख्खी चिठ्ठी उतरीवली.
त्यात काना ऱ्हायला.
अब्बांनी कानाखाली दिली."

मोडलेलं लग्न, शेताचा बांध,
स्वतःच्या हातानं आहेर परत धाडणारी ती पोर,
आमचं तीन महिन्यांचं सगळं
एका उभ्या रेघेत मावत होतं,
जी तिथं नव्हतीच.
मास्तरांनी चष्मा पुसला. परत पुसला.

बाबालालकाकांनी बिस्किटाच्या डब्यातून छिन्नी काढली.
"घालू आता? पैसं नकोत."
मास्तर म्हणाले, नको, किंमत जाईल.
रेहाना म्हणाली, घाला.
छिन्नीचं टोक र आणि त यांच्या मधे टेकलेलं.
तेव्हा दिसलं,
तिथं जागा सोडली होती पोरानं,
नेमकी एका कान्याएवढी.

सगळे माझ्याकडं बघत होते.
मी विचारलं, "काका, हात थरथरतोय का?"

"तवा तरी कुठं थांबला हुता?"