गाडी नंबर सत्तेचाळीस

पहाटेचे पावणेपाच. पिलबारात अजून अंधार,
आणि अंधारही लालसर, कारण इथली धूळ झोपत नाही.
यार्डात अकरा यूट ओळीने उभ्या.
प्रत्येकीभोवती एक टॉर्च फिरतोय,
देवाला प्रदक्षिणा घालावी तसा,
पण उलट्या दिशेने, आणि शिव्या देत.

सोमवारपासून सत्तेचाळीस नंबर माझ्याकडे आहे.
आधी सहा वर्षं ती क्लेमची होती.
सीटखाली त्याची जुनी तपासणीची वही सापडली,
ग्रीसच्या बोटांनी पानं अर्धी पारदर्शक झालेली.

टायर. चाकांचे नट, पिवळे बाण एकमेकांकडे तोंड करून.
आग विझवायचं नळकांडं, काटा हिरव्यात.
डिपस्टिक पुसायची, पुन्हा बुडवायची,
डोळ्यांत तेल घालून तेल बघायचं.
मागे जातानाचा भोंगा वाजतो, अख्ख्या कॅम्पला उठवतो.
रेडिओ, चॅनेल चाळीस: कुणीतरी जांभई देतंय.

खरं सांगू, आम्ही काय करतो?
गाडीत बसतो, कॉफीचा मग मांड्यांत धरतो,
आणि वरून खाली एकच रेघ ओढतो.
पंचवीस चौकटी एका दमात बरोबर.
ब्रेक रामभरोसे.

क्लेमचं तसं नव्हतं.
त्याच्या प्रत्येक खुणेला वेगळं वळण,
आणि शेऱ्याच्या रकान्यात मुंगीएवढी अक्षरं:

*डावं मागचं चाक. चौथा नट. पाव फेरा सैल. पुन्हा.*

*रेडिएटरात गवताचं बी. फुंकून काढलं.*

*सनवायझरमागे कोळी. मादी. पोटाशी अंड्यांची पिशवी.
राहू दे. ऊन डोळ्यांवर येतं, चालेल.*

*प्यायचं पाणी वीस लिटर. वीसच. एकोणीस नाही.*

हे एकोणीसचं काय प्रकरण, कुणाला ठाऊक नाही.
स्टोअरमधल्या लोर्नाला विचारलं तर ती विषय बदलते.

सगळ्यात शेवटी, पानाच्या तळाशी,
एक चौकट गाडीची नाहीच:
चालक कामास योग्य आहे का?
लग्नातल्या "काय, बरं ना?" सारखी.
उत्तर आधीच ठरलेलं.

ऑगस्टात सलग नऊ दिवस
क्लेमने ती कोरी सोडली होती.
हो नाही, नाहीही नाही.
वर चोवीस खुणा, प्रत्येकीला तिचं वळण,
मग ती रिकामी चौकट,
आणि तिच्याखाली सुपरवायझरची सही, नऊ वेळा.

सही माझी आहे.
तेव्हा मी ऑफिसात बसत होते.
सकाळी अकरा वह्या, अकरा सह्या, एसी चालू.
दहाव्या दिवशी माझ्या टेबलावर किल्ली होती,
स्वच्छ पुसलेली, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली.
मी म्हटलं, कंटाळला असेल.
जेराल्डटनला बहिणीकडे असतो म्हणे आता.
मासे धरतो की नाही, माहीत नाही.

आज चौथा नट पाव फेरा सैल.
पान्याने आवळला. लिहिलं: *पुन्हा.*
मग तळाच्या चौकटीशी पेन थांबलं.
रात्री तीन तास झोप झाली होती, तीही तुकड्यांत.

शेजारच्या बावन्न नंबरमध्ये कीलन,
एकोणीस वर्षांचा, शिकाऊ,
मग मांड्यांत, रेघ अर्ध्यावर आलेली.
मी काचेवर टकटक केलं.
"शेवटची ओळ वाच."
"वाचली."
"मोठ्याने."

त्याने वाचली. शाळेत धडा वाचतात तशी, सपाट.
योग्य-पर्यंत आला आणि अडकला.
इंजिन बंद केलं, खाली उतरला,
कॉफी बॉनेटवर ठेवली, तिच्याकडेच बघत राहिला.
म्हणाला, "म्हणजे कसंय की..."

मी टॉर्च विझवला.
माझीही चौकट तशीच होती.
घाई नव्हती. हळूहळू डोंगराची कड दिसू लागली.

फाटकातून नऊ गाड्या बाहेर पडल्या.