अडतीस

जून महिना. हल. तिसरा मजला.
परीक्षा मंडळाची बैठक, बशीत बिस्किटं,
चहावर धरलेली साय.
पडद्यावर मुलांची नावं नसतात, नुसते क्रमांक आणि गुण,
पक्षपात होऊ नये म्हणून.
संख्याशास्त्र, दुसरं वर्ष: अडतीस.
आणि मला त्या आकड्याच्या जॅकेटचा वास आला,
गोठवलेल्या मटारचा.

किरन ब्लेंकिन.
शेवटच्या रांगेत, रेडिएटरला पाठ लावून.
नोव्हेंबरात त्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं,
‘वर्गात झोपतो. विषयात रस नाही.’
दोन वाक्यं. पूर्णविरामांसकट.

फेब्रुवारीत तो माझ्या खोलीत आला,
शंका विचारायला, असं म्हणाला.
शंका कुठली? वही उघडलीच नाही.
बोटं हीटरवर धरून बसला
आणि बोलता बोलता कळलं थोडंथोडं:
पाळी सुटते सहाला.
धाकटीला उठवायचं, डबा, शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायचं,
मग ब्रॅन्सहोमहून बस.
नऊचं लेक्चर.
घरातला विजेचा मीटर आगाऊ पैसे मागणारा,
गुरुवारपर्यंत कसाबसा तग धरतो.
‘आणि आई?’ मी विचारलं.
तो म्हणाला, ‘आहे ना,’
आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

आमच्याकडे पस्तीस लागायचे, इथे चाळीस.
आमच्याकडे काठावरच्याला वर ढकलत,
बंद पडलेली गाडी चार जणांनी ढकलावी तसं.
इथे त्याला ‘क्षम्य’ म्हणतात.
कुणी कुणाला क्षमा करायची,
ते नियमावलीत नाही.

मी कधी काठावर उभीच राहिले नाही.
शिकवणीची फी, टेबललॅम्प, रात्री अकराला बोर्नव्हिटा
कुणीतरी न बोलता आणून ठेवायचं.
त्याला मी हुशारी समजत आले.

‘कुणाला काही म्हणायचंय?’ अध्यक्षबाई.
नाव घ्यायचं नाही, हे ठाऊक होतं.
म्हटलं, ‘नोव्हेंबरातली माझी एक नोंद
चुकीची आहे. दुरुस्त करायचीय.’
त्यांनी घड्याळ पाहिलं.
‘तो आजचा विषय नाही. त्यासाठी वेगळा अर्ज असतो.’
सगळे सौजन्यानं हसले.
मी अर्जाचं नाव लिहून घेतलं,
बिस्किटाच्या कागदावर.

पडदा पुढे सरकला.
एकतीस.
हा कोण, मला ओळखता आलं नाही.