घडी

कोबेक्विडच्या खाडीतलं पाणी दिवसातून दोनदा निघून जातं,
लाल चिखल उघडा टाकून,
आणि दोनदा, न चुकता, परत येतं.
एलिस क्रीलमनचं येत नाही.

वय सहा. उशाला दोन जग,
रात्रीतून चार चादरी,
दप्तरात बाईंसाठी चिठ्ठी:
याला नळावरून हाकलू नका.

हे मला त्याची आई सांगते, लॉर्ना,
हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून.
खरं तर तिला आत यायची परवानगी नाही.
‘कुठे अडतंय, तेवढंच बघायचंय.’
मी डॉक्टर नाही. पेशी मोजते, थाळ्या धुते,
काचपट्ट्या संपल्या की ओरडा खाते.
तरी स्टूल पुढे ओढलं.

मेंदूतून निरोप निघतो, म्हटलं, पाणी राख.
रक्तातून वाहत तो मूत्रपिंडापर्यंत पोचतो.
तिथल्या पेशीला अंगावर कान हवा,
आणि तो कान तिला स्वतःच घडवावा लागतो,
आत, पार आत.

तुम्ही गोणपाटावर लोकरीचे गालिचे करता ना?
आकडी खाली, फास वर.
तशीच ही माळ, तीनशे एकाहत्तर मण्यांची,
पातळ पडद्यातून आरपार जाते
सात वेळा.
तिच्या टोकाला साखरेची डहाळी बांधली जाते,
आणि एक राखणदार ती डहाळी धरून बसतो
घडी बसते का बघत.
नाही बसली, सोडतो, पुन्हा धरतो,
लेकराला बुटाची नाडी शिकवणाऱ्या बापासारखा.
बसली, की निघाली स्वारी:
बुडबुड्यात बसून, गॉल्जीच्या चवडीतून,
साखर कातरून, नीटनेटकी होऊन,
मग रुळावरून, पाठीवर घेऊन चालणाऱ्या एकाच्या
(त्याला दोनच पाय, डोकं नाही)
थेट कडेपर्यंत.
तिथे बुडबुडा पेशीच्या कातडीत विरतो
आणि आतली बाजू
जगाकडे तोंड करते.

‘आणि एलिसचं?’

एक मणी बदललाय. एकच.
कान बहिरा नाही हो, ऐकूही शकला असता.
घडी जराशी तिरकी,
म्हणून त्याला उंबरठ्यापर्यंत सोडतच नाहीत.
धरून ठेवतात, धरून ठेवतात,
आणि मग मोडून त्याचे मणी परत घेतात.

‘कोण ठरवतं हे?’
कोणीच नाही, म्हटलं.
आणि माझं मलाच ते उत्तर
गुळमुळीत वाटलं.
ती म्हणाली, आमच्याकडे बायका म्हणतात,
तहान आजोळहून येते.
माझा मामा विहिरीपाशीच झोपायचा.

दिवा मालवला. तिनं डोळा लावला.
हिरवा प्रकाश सगळा मधोमध साठलेला,
कडा काळ्या.
‘जत्रा भरलीय,’ ती म्हणाली, ‘आणि रस्ते बंद.’

दुसरी थाळी मी दाखवायला नको होती.
त्यात एक औषध टाकलेलं, काल दुपारी,
चिमुकलं, आत शिरून त्या तिरक्या घडीला
आतून टेकू देणारं.
शंभरातल्या अकरा पेशींना
नखाच्या कडेएवढी हिरवी रेघ आली होती.
अकराच. मी तीनदा मोजल्या.

‘या त्याच्या?’
नाही. उसन्या पेशी, त्याचा फक्त तो मणी.
आणि हे औषध नाही, अजून नाही,
कदाचित कधीच नाही,
तुम्ही हे कोणाला सांगू नका.

ती खूप वेळ वाकून राहिली.
मग विचारलं, इथे नळ कुठाय?
खाली गाडीत तो थांबलाय बापाबरोबर.
मी बेसिन दाखवलं. तिनं बाटली काठोकाठ भरली.
झाकणाचे आटे बसेनात.
काढलं, पुसलं, लावलं.
वाकडं गेलं.
पुन्हा काढलं.