पोहता येतं का

सहलीच्या संमतीपत्रावर तो रकाना मीच आखला होता.
रक्तगट, पालकांचा मोबाईल, गाडी लागते का,
आणि सगळ्यात खाली : पोहता येतं का.

चव्वेचाळीस कागद परत आले.
त्रेचाळिसांवर ‘नाही’,
त्यातल्या पाच-सहांवर ‘न्हाई’.
बिरुदेव मेटकरीनं लिहिलं होतं :
येत होतं. हीर आटली.

अठरा वर्षं आटपाडीत भूगोल शिकवतो.
सदाहरित वनं काढताना हिरवा खडू संपतो,
पुढचं जंगल पांढऱ्यानं भागवतो.
समुद्रासाठी खिडकीबाहेर बोट दाखवतो :
ते डाळिंबाच्या बागेतलं शेततळं, त्याच्या कैक पट.
मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो,
त्याच्याही खाली प्लास्टिक अंथरलेलं असतं का, सर?

पहाटे चारला गाडी निघाली.
विटा झोपेत गेलं, कराड झोपेत गेलं.
पाटण सोडल्यावर रस्ता वळायला लागला
आणि ‘गाडी लागत नाही’वाले सगळे
एकेक खिडकी धरून बसले.
शौकतमामा आरशातून म्हणाले,
सर, पोरं खरं बोलत्यात, फक्त कागदावर नाही.

हेळवाकच्या पुढं रान.
वनरक्षकानं बोट ओठांवर ठेवलं,
चव्वेचाळीस पोरं गप्प झाली,
हे मला वर्गात कधी जमलेलं नाही.
वर शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं,
शेपूट थोडी मागून गेली.
पायाखाली पाचोळा, ओला, आवाज न करणारा.
जांभूळ, हिरडा, अंजनी. पुढं मलाही नावं येईनात.
वनरक्षक म्हणाला, इथं खाली ऊन पोचतच नाही.
बिरुदेव मान वर करून बराच वेळ उभा.
मग हळूच :
एवढी सावली, आन् एक मेंढरू न्हाई.

घाट उतरलो तेव्हा उन्हं कलली होती.
गुहागरला सुरूच्या झाडांमधून
पोरं पळत सुटली आणि एकदम थांबली.
वाळू आम्हाला माहीत होती.
माणगंगेच्या पात्रात आम्ही तिच्यात क्रिकेट खेळतो.
वाळूच्या पुढं पाणी असतं,
हे नव्यानं कळत होतं.

राजनंदिनी गळवेनं माझा मोबाईल मागितला.
तिचे वडील गलाईवाले, कालिकतला,
सात वर्षं दुसऱ्यांचं सोनं आटवतात.
नकाशात तिनं बघून ठेवलं होतं :
आपला हा समुद्र आणि त्यांचा तो
एकाच निळ्या रंगात.
पप्पा, ऐका, म्हणत तिनं फोन लाटेपुढं धरला,
इतका खाली की माझा जीव वर.
आता एक तुमच्याकडं सोडते.
कधी पोचंल सांगा.

पलीकडून काहीतरी हसणं आलं,
मग भट्टीचा का पंख्याचा आवाज.
तिनं फोन माझ्याकडं दिला.
नमस्कार सर, पोरगी त्रास देत नाही ना?
नाही म्हटलं.
मग ते म्हणाले, खरं सांगू का सर,
इथनं समुद्र चालत धा मिनटावर आहे.
दुकान रात्री बंद होतं.
दोनदा गेलो असंन. पाण्यात नाही उतरलो.
त्यात आपलं कोण ओळखीचं?

फोन खिशात ठेवला, स्क्रीनवर मीठ.
ढोबळेबाई दोर धरून उभ्या,
दोराच्या अलीकडं पोरं, गुडघाभर,
प्रत्येक लाटेला नव्यानं किंचाळणारी.
बिरुदेव तेवढा पोटावर झोपून
वीतभर पाण्यात हात मारत होता,
विहिरीतल्यासारखे, वर बघत.

सर, या की.

शिक्षकांचेही कागद होते, नियमच आहे तसा.
माझा मीच भरला होता, मुख्याध्यापकांच्या टेबलावर उभ्यानं.
रक्तगट बी पॉझिटिव्ह. गाडी लागत नाही.
शेवटच्या रकान्यात
एक आडवी रेघ.

चपला काढून हातात घेतल्या.
मग हातात तरी कशाला, म्हणून वाळूत ठेवल्या.