चौथ्या तुकड्यातलं फावडं

रुवीतल्या या दुसऱ्या मजल्यावर
मी एरवी ताकाच्या जाहिराती स्वच्छ करते.
गाड्यांच्या शोरूमचे रमजान सेल,
कुठल्याशा बँकेची गोड, कंटाळलेली बाई.
श्वास कापायचा, ओठांचा चिकट आवाज कापायचा,
मागचा एसी कापायचा.
अकरा वर्षं झाली. हात बसलाय.

खल्फान आला शुक्रवारी,
खांद्यावर ऊद, आणि डोक्याच्या मुसरमध्ये गुंडाळून
अंडी आणावीत तसा आणलेला माईक.
(आमच्याकडे ऊद जाळतात, मी म्हटलं.
माझा भाऊही तेच म्हणतो, तो म्हणाला, जाळून टाक.)

सात तुकडे. शब्द एकही नाही.
मस्कतपासून तीन तासांवर, डोंगराच्या पोटातलं त्याचं गाव:
खजुरांखालची सावली, लसणाचे वाफे,
कड्यातून कोरून आणलेला पाट, त्याला ते फलज म्हणतात,
शेळ्या, कुणाचा तरी खोकला.
गाणारा का नाही घेतलास?
"दुपारी आमच्यात कुणी गात नाही."

चौथ्या तुकड्यात, दोन मिनिटं अकरा सेकंदांवर
ऊद थांबतो. खालच्या तारेची घुमी विरायची असते अजून,
तिथे काहीतरी खरडतं. लोखंड.
मग एक ओला थप्पा.
मी तेवढं निवडलं, कापलं, शिवण बुजवली.

पुढल्या शुक्रवारी हेडफोन काढून त्यानं विचारलं,
"काका कुठे गेला?"

काका म्हणजे सैफ. फावड्यानं चिखल ओढून
पाटाचं तोंड बंद करणारा.
अथर म्हणतात, अर्ध्या तासाचं एक माप;
पूर्वी काठीच्या सावलीनं मोजायचे, रात्री चांदण्यांनी,
काका मोजतो कॅसिओनं.

एसीत मला घाम फुटला.
आमचे दादा पांझरेच्या फडावर पाटकरी.
रात्री दारं धरायला गेलेले,
आणि मी खाटेवर जागी:
दूर तो एक खरडा,
मग चिखल बसल्याचा आवाज,
मग बेडूक पुन्हा सुरू.
मुलींना रात्री मळ्यात नेत नसत.
माझं गाव म्हणजे बरंचसं लांबून ऐकलेलं.
पुढे ऐकण्याचीच नोकरी लागली,
आणि मी काय कापलं, बघा.

सहा पायऱ्या मागे गेले. काका परत आला.

रात्री दादांना फोनवर लावून दाखवलं,
काहीच न सांगता.
कमी येतं आता ऐकू, फोन उजव्या कानाला धरतात.
ऊद चालू होता तोवर गप्प. एक जांभईही दिली.
मग खरडा. मग थप्पा.
"कोन शे हाऊ?"
मी बोलले नाही.
"वाफा आजून भरना नही. घाई करी त्यानी."

खल्फानला सांगितलं. मला वाटलं हसेल.
तो खुर्चीवरून उठून खाली, वायरींमध्ये बसला.
खरंच, शेवटचा वाफा कोरडा राहिला होता.
पण पलीकडे मौझा उभी होती,
घरात पुरुष माणूस नाही, पुढची पाळी तिची,
आणि तिच्या पाळीआधी काका चार मिनिटं लवकर
दार फिरवतो. दर वेळी.
कुणाला सांगत नाही. खल्फानलाही
हे त्या दिवशी धुळे जिल्ह्यातून कळलं.

कव्हरवर वादकांची नावं द्यायची होती.
ऊद. रबाबा. कासिर ढोल.
चौथ्या ओळीत त्यानं लिहायला लावलं:
फावडं, सैफ बिन मुसल्लम.
कंपनीच्या माणसानं दोनदा फोन केला,
स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून.

मी अजून ताकाच्या जाहिराती करते.
काल त्या बाईचा, "ताजं" म्हणायच्या आधीचा
श्वास तसाच राहू दिला.
आज परत आली फाइल:
मागे कुणीतरी आहे. काढा.